निळा पडदा : एका बिघाडाची कारणमीमांसा

स्मरणिकेत आठवणी असाव्यात, संस्थेच्या वाटचालीचा आढावा असावा, दात्यांविषयीची कृतज्ञता असावी. त्यात संगणकाच्या बिघाडावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या घरी आज संगणक आहे, आणि बहुतेक घरांत तो त्या घराण्यातला पहिलाच संगणक आहे. कुणी हप्त्यावर घेतला, कुणी जुना विकत घेतला, कुणाला कार्यालयाने बदललेला यंत्रसंच मिळाला. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातवैधता प्रमाणपत्राची कागदपत्रे, स्पर्धा परीक्षेची टिपणे, धाकट्या भावाचा प्रकल्प, लग्नाची छायाचित्रे, सारे काही त्या एका डब्यात असते. डबा बिघडला की घरात विचारावे असे कुणी नसते आणि शेजारीही नसते. मग तालुक्याच्या गावचे दुकान गाठायचे आणि तेथे जे सांगितले जाईल ते प्रमाण मानायचे, एवढेच उरते. ज्या घरात तीन पिढ्या संगणक वापरला गेला तेथील मुलगा दुकानदाराला उलट प्रश्न विचारतो. आपला मुलगा पैसे मोजतो. हा फरक बुद्धीचा नाही, सवयीचा आहे, आणि सवय शिकवता येते.

इतिहासाच्या शिक्षकाने या विषयात का पडावे, असेही कुणी म्हणेल. लहान शाळेत इतिहासाचा तास आणि संगणक कक्षाची किल्ली अनेकदा एकाच माणसाकडे असते, हे एक कारण. दुसरे असे की, दोन्हींकडे काम एकाच जातीचे आहे. घटना घडून गेलेली असते. तिच्या मागे उरलेल्या खुणांवरून ती का घडली हे ठरवायचे असते.

निळा पडदा म्हणजे काय

काम चालू असताना पडदा अचानक निळा होतो, पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर येतो, कोपऱ्यात काही टक्के मोजले जातात आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. पाहणाऱ्याला वाटते, यंत्र मेले. प्रत्यक्षात ते शहाणपणाने थांबलेले असते.

विंडोजमध्ये दोन प्रकारचे प्रदेश असतात. आपण वापरतो ते प्रोग्रॅम बाहेरच्या प्रदेशात चालतात. त्यांपैकी एखादा कोसळला तर तोच बंद पडतो, बाकीचे चालू राहतात. आतल्या प्रदेशात कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा असतो आणि त्याच्याबरोबर ड्रायव्हर असतात. ड्रायव्हर म्हणजे छपाईयंत्र, पडदा, वायफाय, डिस्क अशा प्रत्येक भागाशी गाभ्याचे बोलणे करून देणारा दुभाषी. या आतल्या प्रदेशात कुणी चुकला तर त्याला अडवणारा वर कुणीच नसतो. आपल्या स्मृतीत जे असावयास हवे ते नाही, असे गाभ्याच्या लक्षात आले की त्याच्यापुढे दोन मार्ग उरतात : चुकीच्या माहितीवर पुढे चालत राहून डिस्कवरील मजकूरही नासवायचा, की सर्व काही जागच्या जागी थांबवायचे. तो थांबतो. थांबण्यापूर्वी कारणाचे सांकेतिक नाव पडद्यावर लिहितो आणि त्या क्षणीच्या परिस्थितीची एक टाचण डिस्कवर ठेवण्याचा प्रयत्न करतो. मृत्यूपूर्व जबानीच ती.

आजच्या विंडोजचा वंश ज्या विंडोज एनटीपासून सुरू होतो ती प्रणाली १९९३ साली आली. तिचा हा पडदा जॉन व्हर्ट या अभियंत्याने लिहिला. निळा रंगच का, यामागे काही गूढ नाही. तो ज्या यंत्रावर काम करीत होता त्याचा आरंभीचा पडदा निळ्यावर पांढरा होता आणि ज्या संपादकात तो प्रोग्रॅम लिहीत असे तोही तसाच होता. पुढे २०१२ च्या विंडोज ८ मध्ये त्यावर रडवेला चेहरा आला, २०१६ पासून मोबाइलने टिपण्याचा क्यूआर कोड आला, आणि २०२५ मध्ये विंडोज ११ ने तो पडदा चक्क काळा केला. तेव्हा वाचकांच्या घरी तो काळा दिसला तरी गोष्ट तीच समजावी. (निळा म्हटला की आपल्या वस्तीत छाती भरून येते, एवढा एकच निळा असा की तो पाहून धडकी भरते, असे आमच्या नववीच्या वर्गाचे मत आहे.)

हा पडदा दिसणे ही वापरणाऱ्याची नामुष्की नव्हे, हेही सांगितले पाहिजे. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स व्यासपीठावर असताना, विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असताना, स्कॅनर जोडताक्षणी तो भरसभेत झळकला होता. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीची एक सदोष फाइल जगभर पाठवली गेली आणि सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तरीही आपल्याकडे मुलीच्या हातून यंत्र बंद पडले की पहिला प्रश्न असतो, ‘तू काय दाबलेस?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. ‘तेव्हा काय चालले होते?’ हा उपयोगी आहे.

एक प्रत्यक्ष उदाहरण

तत्त्वे नुसती सांगून समजत नाहीत, म्हणून एक उदाहरण विस्ताराने घेतो. आमच्या एका माजी विद्यार्थिनीने एम. ए. च्या प्रबंधिकेसाठी आपल्या भागातील वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे घडले ते यांपैकी कुणी कडेवरून, कुणी आईचे बोट धरून पाहिले होते. एकूण ३१ ध्वनिमुद्रणे. मोबाइलमध्ये जागा राहिना म्हणून ती घरच्या संगणकात घेतली आणि मोबाइलमधून काढून टाकली. संगणक जुनाच घेतलेला, दोन पट्ट्या मिळून ८ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. त्यानंतरच्या काळात ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांपैकी दोघी निवर्तल्या.

हा संगणक आठवड्यातून तीन-चार वेळा निळा पडू लागला. दुकानात नेला. ‘व्हायरस आहे’ असे सांगून विंडोज नव्याने टाकून मिळाले. त्याच संध्याकाळी पुन्हा निळा. दुसऱ्यांदा फॉरमॅट मारला. तीन दिवस बरे गेले. तिसऱ्या खेपेस सांगण्यात आले की, पूर्ण डिस्क साफ करावी लागेल, आणि त्यानेही भागले नाही तर मदरबोर्डचा संच बदलावा लागेल, खर्च ९,५०० रुपये. पहिल्या दोन वेळी केवळ सी ड्राइव्ह पुसली गेली होती आणि ध्वनिमुद्रणे डी ड्राइव्हवर होती, म्हणून ती वाचली. तिसरा उपाय झाला असता तर दोन मृत स्त्रियांचे शब्द कायमचे गेले असते.

दुकानदार लबाड होता असे आम्हांस म्हणावयाचे नाही. फॉरमॅट तासाभरात होतो, त्याचे ठरलेले पैसे मिळतात आणि दहापैकी काही गिऱ्हाइकांची तक्रार त्याने खरोखर मिटते. रात्रभर चाचणी लावून ठेवण्याचे पैसे कुणी देत नाही. परंतु कारण न शोधता केलेला उपाय लागू पडला तरी तो योगायोग असतो. तथागतांनी कालामांना सांगितले ते हेच, की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपला गुरू सांगतो म्हणूनही स्वीकारू नका. जेथे गुरूच्या शब्दालाही ही कसोटी लावायची तेथे दुकानाच्या गल्ल्याला सूट कशी मिळावी? चार आर्यसत्यांतील दुसरे सत्य कारणाचे आहे. ते ओलांडून तिसऱ्यावर, निरोधावर, उडी मारता येत नाही. बाबासाहेबांनी वयाच्या पंचविसाव्या वर्षी, १९१६ साली, कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात जातिसंस्थेवर जो निबंध वाचला त्याच्या शीर्षकातच यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास हे तीन शब्द आहेत. त्या कार्याशेजारी रॅमची पट्टी ठेवणे विसंगत दिसेल याची आम्हांस जाणीव आहे. पण ‘हे कसे चालते आणि कोठून सुरू झाले’ हा प्रश्न लहान गोष्टीत विचारण्याची सवय नसेल तर मोठ्या गोष्टीत तो सुचत नाही.

आधी दप्तर वाचवा

पहिले काम बिघाड शोधण्याचे नव्हे, जे अमूल्य आहे ते बाहेर काढण्याचे. येथे बहुतेक जण पेन ड्राइव्ह लावून नक्कल करू लागतात. वरवर ते योग्यच वाटते. मात्र रॅम खराब असल्याचा संशय असेल तर त्याच यंत्रावर नक्कल करणे धोक्याचे आहे, कारण डिस्कवरून निघालेला प्रत्येक अक्षरांश रॅममधूनच पेन ड्राइव्हकडे जातो. लेखनिकाची नजर अधू असेल तर मूळ पोथी शुद्ध असूनही नक्कल अशुद्ध होते.

म्हणून संगणकाची वीज काढून, हार्ड डिस्क सोडवून, ती शाळेतील धड संगणकाला दुसरी डिस्क म्हणून जोडली आणि तेथून दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती केल्या. ३१ पैकी ३० ध्वनिमुद्रणे नीट ऐकू आली. एक उघडलेच नाही. मोबाइलमधून ते या संगणकात उतरले तेव्हाच बिघडले असावे. मूळ पुसले गेल्याने पडताळण्यास आता काही साधन नाही. सुदैवाने ज्या आजींचे ते होते त्या हयात आहेत. विद्यार्थिनी पुन्हा जाऊन बोलून आली, पण दुसऱ्या वेळचे सांगणे पहिल्यासारखे नसते, हे मौखिक इतिहासाचे काम करणाऱ्याला ठाऊक असते.

खुणा वाचणे

मग प्रश्न, हे कधीपासून सुरू झाले? विंडोजमध्ये ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ नावाची एक सोय आहे. ‘स्टार्ट’च्या शोधचौकटीत रिलायबिलिटी असे इंग्रजीत टाइप केले की ती सापडते. कोणत्या तारखेला काय बसवले आणि काय कोसळले याचा दिनक्रम ती दाखवते. येथे मात्र त्या दिनक्रमात फॉरमॅटच्या आधीचे काहीच नव्हते. फॉरमॅटचे हे दुसरे नुकसान : रोग तसाच राहतो आणि रोग्याचा इतिहास जळतो. दप्तरखाना जाळून मग संशोधकाला बोलावण्यासारखे हे आहे.

म्हणून वही केली. वाचकांनीही पहिल्या निळ्या पडद्यापासूनच वही करावी. तारीख, वेळ, यंत्र सुरू होऊन किती वेळ झाला होता, काय चालले होते आणि पडद्यावरचे सांकेतिक नाव. नाव वाचण्याआधीच यंत्र पुन्हा सुरू होत असेल तर सिस्टीमच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ येथे आपोआप पुन्हा सुरू होण्याची खूण काढून टाकावी. पडदा मग थांबून राहतो. मोबाइलने त्याचे छायाचित्र घ्यावे, हे सर्वांत सोपे.

सोळा दिवसांत वहीत नऊ नोंदी झाल्या. ‘मेमरी मॅनेजमेंट’ तीन वेळा, ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ दोन वेळा, ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ दोन वेळा, ‘सिस्टीम सर्व्हिस एक्सेप्शन’ एकदा, आणि एकदा घरी कुणी नव्हते. एकदा टंकलेखन चालू होते, एकदा ध्वनिमुद्रण ऐकणे, एकदा यंत्र नुसतेच उघडे होते.

नवख्याला यातून गोंधळ दिसतो. वस्तुतः हा गोंधळ हाच सर्वांत बोलका पुरावा आहे. दोष एखाद्या ड्रायव्हरचा असता तर बहुधा पुन्हा पुन्हा तेच नाव, तीच फाइल, तेच काम चालू असताना पडदा आला असता. दर वेळी कारण निराळे सांगितले जाते तेव्हा सांगणाऱ्यांच्या पायाखालची जमीनच हलते आहे, असे समजावे.

विंडोजच्या फोल्डरातील ‘मिनिडम्प’ या पोटफोल्डरात त्या मृत्यूपूर्व जबान्या तारखेवार साठतात. त्या वाचण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे विनडीबीजी हे मोफत साधन आहे. त्याहून सोपे ब्लूस्क्रीनव्ह्यू. येथे एक इशारा. या साधनांत बहुतेक वेळा ‘एनटीओएस कर्नेल’ या फाइलचे नाव पुढे येते आणि वाचणारा ती फाइल बदलायला धावतो. ती फाइल म्हणजे गाभाच. ज्याच्या दारात प्रेत सापडले तोच खुनी, असा हा न्याय झाला. गाभ्याच्या दारात सगळीच प्रेते सापडतात, कारण थांबवण्याचे काम त्याचेच आहे. मात्र प्रत्येक जबानीत त्याच एका परक्या ड्रायव्हरचे नाव येत असेल तर त्याकडे गंभीरपणे पाहावे. आमच्या आठ जबान्यांत पाच निरनिराळी नावे होती.

यानंतर एकेक शक्यता वगळत गेलो. उष्णता म्हणावी तर एक नोंद सकाळी यंत्र सुरू केल्यापासून पाच मिनिटांच्या आतली होती. वीजपुरवठा म्हणावा, तर अचानक वीज तुटल्यास जबानी लिहायला गाभ्याला वेळच मिळत नाही; ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ४१ क्रमांकाची नोंद तेवढी राहते आणि तिच्यात बिघाडाचा संकेत शून्य असतो. येथे संकेत भरलेले होते. व्हायरस म्हणावा तर पहिल्या फॉरमॅटनंतर इंटरनेट जोडण्यापूर्वीच यंत्र निळे पडले होते. शेवटी ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून पाहिले. शिफ्टची कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडले की तिकडे जाण्याचा मार्ग उघडतो; तेथे अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर चालतात. यंत्र तेथेही कोसळले. बाहेरून बसवलेल्या प्रोग्रॅमवरचा संशय त्यामुळे जवळजवळ संपला. उरले यंत्राचे अंग, आणि त्यातही आधी रॅम.

रॅमची परीक्षा

रॅममध्ये प्रत्येक अंश, म्हणजे शून्य किंवा एक, एका अतिसूक्ष्म घरात विद्युतभाराच्या रूपाने राहतो. हा भार आपोआप गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. ४ जीबीच्या एका पट्टीत अशी सुमारे ३,४३६ कोटी घरे असतात. त्यांतली दोन-चार जरी भार धरीनाशी झाली तरी पुरे. त्या घरात योगायोगाने एखाद्या छायाचित्राचा ठिपका बसला तर कुणाला कळतही नाही. गाभ्याचा एखादा पत्ता बसला तर पडदा निळा. तीन दिवस बरे आणि एका दिवसात तीनदा निळे, याचा उलगडा असा होतो. फॉरमॅट का लागू पडला नाही हेही येथेच समजते : नवी विंडोज त्याच फुटक्या रॅममधून डिस्कवर उतरली होती, म्हणजे तीही जन्मतःच सदोष असण्याची शक्यता होती.

विंडोजच्या स्वतःच्या ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ने पहिल्या फेरीत काहीच दोष दाखवला नाही. दोष आढळला नाही याचा अर्थ दोष नाही असा होत नाही. चाळणीची भोके मोठी असली की खडा निसटतो. म्हणून मेमटेस्ट ८६ घेतले. शाळेच्या संगणकावर ते पेन ड्राइव्हवर उतरवले आणि त्या पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू केले. विंडोज मध्ये येतच नाही, त्यामुळे साक्ष निर्भेळ मिळते. चाळीस मिनिटांत लाल ओळी दिसू लागल्या. या चाचणीत एकही चूक क्षम्य नसते. ‘फक्त तीनच चुका आहेत’ असे समाधान मानू नये.

एवढ्यावर पट्टी फेकून देणे मात्र घाईचे. दोष पट्टीत असेल, खाचेत असेल किंवा नुसत्या मळलेल्या टोकांत असेल. वीज काढली, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेला भार जाऊ दिला, डब्याच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवली, मग दोन्ही पट्ट्यांची सोनेरी टोके साध्या खोडरबरने हलके घासून त्याचा भुसा झटकला. अनेक यंत्रे एवढ्यानेच बरी होतात आणि दुकानात याचेही पैसे लागतात. येथे मात्र चुका कायम राहिल्या.

मग एका वेळी एकच पट्टी. पहिली पट्टी पहिल्या खाचेत : रात्रभर, चार फेऱ्या, चूक शून्य. दुसरी पट्टी त्याच खाचेत : चुका. दुसरी पट्टी दुसऱ्या खाचेत : चुका. पहिली पट्टी दुसऱ्या खाचेत : शून्य. दोष खाचेबरोबर राहिला नाही, पट्टीबरोबर फिरला. मदरबोर्ड निर्दोष ठरला. यात तीन रात्री गेल्या, पण ९,५०० रुपयांचा प्रश्न या तीन रात्रींनी निकालात काढला. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम येथे कटाक्षाने पाळला. दोन गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर बरे होऊनही कशाने बरे झाले ते कळले नसते.

त्याच जातीची वापरलेली पट्टी ७०० रुपयांना मिळाली. तिचीही रात्रभर परीक्षा घेतली आणि मगच विंडोज पुन्हा नव्याने टाकली. ही तिसरी वेळ, पण सकारण. ज्यांना नव्याने टाकायची नसेल त्यांनी निदान प्रशासकीय अधिकाराने आज्ञाचौकट उघडून ‘एसएफसी’, मग जागा सोडून तिरकी रेघ व ‘स्कॅननाऊ’ ही आज्ञा द्यावी. प्रणालीच्या बिघडलेल्या फाइली ती शोधून दुरुस्त करते.

दुसरे कारण

बावीस दिवस यंत्र सुरळीत चालले आणि पुन्हा निळे पडले. घरात निराशा पसरली. वही असल्यामुळे मात्र लगेच दिसले की, या वेळचे नाव आधीच्या नऊ नोंदींत कोठेच नाही : ‘कर्नेल डेटा इनपेज एरर’. गाभ्याने डिस्कवरून काही मागितले आणि ते धड मिळाले नाही, असा त्याचा अर्थ. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो या साधनात ती वाचता येते. तेथे नादुरुस्त होऊन बदललेल्या भागांची संख्या शून्य होती, पण केबलमधून येता-जाता झालेल्या चुकांची संख्या वाढलेली होती. डिस्क बरी, वाट खराब. पाहिले तर डिस्कच्या डेटा केबलच्या टोकाची पकड तुटलेली आणि जोडणी सैल. नवी केबल ८० रुपयांची. त्यानंतर तो पडदा तेथे दिसलेला नाही.

एका घटनेला एकच कारण असते ही समजूत आम्ही वर्गात नेहमी खोडून काढतो. कार्यकारणभाव हा धागा नसून विणलेला कपडा असतो. दुरुस्ती करणाऱ्याच्या हे लक्षात नसेल तर दुसऱ्या कारणामुळे तो पहिल्या, बरोबर काढलेल्या निष्कर्षावरही अविश्वास दाखवू लागतो.

इतर वाटा

प्रत्येक घरी रॅमच दोषी असेल असे नाही, म्हणून इतर खुणा थोडक्यात. ‘व्हिडिओ टीडीआर’ असे नाव असेल तर पडद्याचा ड्रायव्हर किंवा ग्राफिक्स कार्ड. अलीकडेच ड्रायव्हर बदलला असल्यास ‘डिव्हाइस मॅनेजर’मधून ‘रोल बॅक’ करून आधीच्याकडे परतावे. ‘व्हीआ अनकरेक्टेबल एरर’ म्हणजे प्रोसेसरनेच तक्रार केलेली असते. विदर्भातल्या मे महिन्यात ती दिसू लागली आणि पावसाळ्यात थांबली तर पंख्यातली धूळ व प्रोसेसरवरचा वाळलेला लेप आधी पाहावा. वीज सतत कमी-जास्त होणाऱ्या गावात डब्याच्या आतला एसएमपीएस थकतो. खेळ किंवा व्हिडिओ संपादन सुरू केले की यंत्र पडदा न दाखवताच बंद होते, ही त्याची ओळख. एसएमपीएस घरी उघडू नये. वीज काढल्यावरही आत घातक भार राहतो. तो बदलायचा असतो, उघडायचा नसतो.

मिनिडम्पचे फोल्डर रिकामे सापडले तर तीही नोंदच आहे. जबानी लिहायला वीज उरली नाही, डिस्क उरली नाही, किंवा लिहिण्याची सोयच बंद आहे, यांपैकी काहीतरी खरे. आणि इंटरनेटवर ‘सर्व ड्रायव्हर एका कळीत अद्ययावत’ म्हणून जी साधने मिळतात त्यांपासून दूर राहावे. ती एकदम वीस गोष्टी बदलतात. मग कोणत्या बदलाने काय झाले हे कुणालाच सांगता येत नाही.

दुकानात जावे लागलेच तर वही घेऊन जावे आणि काम सांगताना ‘बिघडलाय, बघा’ असे न म्हणता ‘सोळा दिवसांत नऊ वेळा, ही नावे, रॅमच्या चाचणीत चुका, पट्टी दुसरी’ असे म्हणावे. विद्यार्थिनीने नवी पट्टी घ्यायला जाताना असेच केले. दुकानदाराने वही चाळली, काउंटरच्या आतून स्टूल बाहेर काढून तिला बसायला दिले आणि मेमटेस्टचा पेन ड्राइव्ह कसा करायचा हे विचारून घेतले.

सदोष पट्टी जुन्या सामानात विकता आली असती, शंभर-दीडशे रुपये आले असते. पण ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जाऊन तेथेही हाच घोळ घालणार, म्हणून तिच्यावर लाल शाईने फुली मारून ती शाळेच्या संगणक कक्षातील पेटीत ठेवली आहे. रॅम म्हणजे काय हे नववीच्या मुलांना हातात देऊन दाखवताना ती उपयोगी पडते.